तुम्ही विचारलंत : कविता, डफ आणि पडदा

प्रश्न : महाविद्यालयात फेब्रुवारीत कृष्णवर्णीय कवींवर दीड तासाचा कार्यक्रम करतोय. कवितावाचनामागे की-बोर्ड ठेवावा का?

उत्तर : नको. मागे सूर पसरले की कविता भावगीतासारखी गुळगुळीत होते, आणि ही कविता तर तालावर उभी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका बागेत १९ मे १९६८ रोजी, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, ‘द लास्ट पोएट्स’ हा कवींचा गट उभा राहिला. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत आवाजाला सोबत फक्त हातांनी वाजवलेल्या तालवाद्यांची आहे. कवी-गायक गिल स्कॉट-हेरन यांनी ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’ दोनदा ध्वनिमुद्रित केली : १९७० मध्ये नुसत्या तालवाद्यांवर, १९७१ मध्ये बास, ड्रम आणि बासरी घेऊन. दोन्ही लागोपाठ मुलांना ऐकवा. गाजली दुसरी, पण नवशिक्यांनी पहिलीची वाट धरावी.

काँगा (हातांनी वाजवायचा उंच ढोल) नसेल तर डफ घ्या. ढोलकी टाळा, थाप पडताच श्रोत्याच्या मनात लावणी सुरू होते. लय मिनिटाला ७० ते ८० ठोके. पहिल्या चार ओळी कोऱ्या वाचाव्यात, पाचवीला डफ यावा, आणि सगळ्यात जड ओळीला तो थांबावा. बिघडतं ते बहुधा असं : वाचणारा घाबरून वेग वाढवतो, वादक त्याच्यामागे धावतो आणि तिसऱ्या मिनिटाला शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून लय वादकाने धरायची, आणि वाचणाऱ्याचा चेहरा दिसेल असं बसायचं. तालमीला मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं ॲप) लावा, शेवटच्या दोन तालमी मात्र त्याच्याविना करा. माइक ओठांपासून चार बोटं दूर, जरा तिरका. समोर धरला तर ‘प’, ‘फ’ फुटतात. शंभरेक खुर्च्यांच्या सभागृहात डफाला माइक लागत नाही.

प्रश्न : कविता मराठीत आणून वाचल्या तर हक्कांची अडचण येते का?

उत्तर : कवीवर अवलंबून आहे. आपल्याकडे हयातीत छापलेल्या कवितांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. पॉल लॉरेन्स डनबार १९०६ मध्ये गेले, क्लॉड मॅके १९४८ मध्ये, दोघेही मोकळे. मॅके यांची ‘इफ वी मस्ट डाय’ १९१९ च्या वांशिक हिंसाचाराच्या उन्हाळ्यातली, चौदा ओळींचं सुनीत. सुरुवातीला हीच घ्या. स्कॉट-हेरन २०११ मध्ये गेले, तिथे अनुवादाला परवानगी हवी. मूळ इंग्रजी कविता विद्यार्थी आणि शिक्षकांनी महाविद्यालयाच्या कार्यक्रमात सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तेव्हा ती इंग्रजीतच वाचा, आशय निवेदकाने दोन वाक्यांत सांगावा.

प्रश्न : चित्रपट कोणता, आणि कधी दाखवावा?

उत्तर : आधी दाखवा, आणि दहा-बारा मिनिटांचा तुकडाच. शेवटी ठेवला की दिवे मालवताच खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. मार्लन रिग्ज यांच्या ‘टंग्ज अनटाइड’मध्ये (१९८९, ५५ मिनिटं) कविता, बोटांनी वाजवलेल्या चुटक्यांचा ठेका आणि कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांचं जगणं एकत्र येतं, मोकळी दृश्यं आहेत, तुकडा स्वतः पाहून निवडा. लंडनमधली कृष्णवर्णीयांची चळवळ हवी असेल तर कवी लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्यावरचा १९७९ चा माहितीपट. ते जमैकन बोलीत लिहितात, त्यामुळे इंग्रजी येणाराही अडखळतो : मराठी आशयाचा एक कागद दिवे असतानाच वाटा. प्रेक्षक विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर त्याच कलमाची सूट चालते. गावाला खुलं आमंत्रण असेल तर प्रदर्शनाचा परवाना घ्यावा लागतो. घरचं ओटीटी सदस्यत्व म्हणजे तो परवाना नव्हे.

प्रश्न : दलित पँथरचा संदर्भ किती घ्यावा?

उत्तर : एक मिनिट. अमेरिकेत ओकलंडला १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांचा ब्लॅक पँथर पक्ष निघाला, मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर, आणि नाव तिथूनच घेतलं. एवढं सांगून निवेदकाने बाजूला व्हावं. यावर पंधरा मिनिटं भाषण झालं की वाट्याच्या चार कविता कापाव्या लागतात. मॅकेनंतर मध्ये काहीही न बोलता नामदेव ढसाळांची एक कविता वाचा, तोच वाचक, तोच डफ.