कोरकू आदिवासी मुलगा आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. पब्लिक हेल्थ नर्सिंग आणि पुढे टीचिंगमध्ये जावं का?

तुम्ही लिहिलंय की मेळघाटातल्या धारणीकडचे आहात आणि मित्र म्हणतात आयसीयू कर, बाहेर देशात जा, कम्युनिटीत पोरांना कोण विचारतं. मी नर्सिंग कॉलेजला कम्युनिटी हेल्थ शिकवते. माझं म्हणणं, कम्युनिटीतच जा, पण का ते ऐका.

एका वर्षी रुरल पोस्टिंगला मेळघाटात बॅच घेऊन गेले होते. एका घरी दोनेक महिन्यांचं बाळ, पोट फुगलं म्हणून डंबा दिलेला, म्हणजे तापल्या लोखंडाने पोटावर चटके, त्यांचे डाग ताजे होते. आमच्या टॉपर पोरीनं बॅग टेक्निक, म्हणजे घरभेटीत नर्सची बॅग स्वच्छ ठेवून वापरायची पद्धत, पुस्तकाबरहुकूम केली, पेपर अंथरला, त्यावर बॅग, हात धुतले आणि मग आजीला असं झापलं की आजी बाळ उचलून सरळ आत. मी मधे पडले तर माझी मराठी तिला कळेना नि तिची कोरकू मला, कोरकू पडली मुंडा कुळातली, मराठीशी काडीचं नातं नाही. मग बॅचमधली एक कोरकू पोरगी जाऊन चुलीपाशी बसली. वीसेक मिनिटं काय बोलत होत्या देव जाणे, पण शेवटी आजीनंच बाळ तिच्या मांडीवर दिलं. दुसऱ्या दिवशी पीएचसीला आले, आधी भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याला, विचारून आले म्हणे, चालतंय की! आणि याच पोरीला व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कमी मार्क, का तर इंग्रजीत अडखळली. समोरच्या खुर्चीत एखादी कोरकू मॅडम किंवा सर असते तर?

आता मुलगा असण्याचं. अडचण आहेच. एएनएम हा गावपातळीवरच्या नर्सचा कोर्सच फक्त मुलींना, त्यामुळे उपकेंद्राची सिस्टर बाईच असते, आणि बाळंतपणाला बायका ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, नको म्हणतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडणारा नवरा, नसबंदीचं नाव काढलं की उठून जाणारा बाप्या, यांच्याशी बसून बोलायला आमच्याकडे माणूसच नसतो.

रस्ता असा, पोस्ट बेसिक बी.एस्सी. 2 वर्षं, त्याच्या आधी किंवा नंतर निदान 1 वर्ष नोकरी, मग एम.एस्सी. कम्युनिटी हेल्थ 2 वर्षं. नोकरीच्या वर्षी सीएचओच्या (समुदाय आरोग्य अधिकारी) जागा निघाल्या तर भरा, मुलांनाही घेतात, कंत्राटी असते पण गाव कळतं. एम.एस्सी.ला 55 टक्के मागतात, एसटीला 5 ची सूट आहे. व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीचं वैधता प्रमाणपत्र, आत्ताच काढून ठेवा, तिच्यापायी वर्ष गेलेली पोरं बघितलीत मी. हॉस्टेल नाही मिळालं तर आदिवासी विकास विभागाची स्वयम योजना बघा, राहण्या-जेवणाला पैसे मिळतात.

टीचिंगच्या पगाराबद्दल मात्र भ्रमात राहू नका. मी सुरुवातीला एका खासगी कॉलेजात होते, तिथे सही एका आकड्यावर नि हातात निम्मे, आणि इन्स्पेक्शन आलं की जन्मात न पाहिलेल्या मॅडम स्टाफरूममध्ये उगवायच्या. म्हणून कॉलेज निवडताना तिथल्या पोरांनाच गाठून विचारा, पोस्टिंगला खरंच गावात नेतात का लॉगबुकं हॉस्टेलवर बसून भरतात.

जीएनएमला टक्के किती आहेत तेवढं सांगा, मग कुठे फॉर्म भरायचा ते बोलू.