‘नुसतं बोलून काय होणार?’

मी मानसशास्त्रज्ञ, बोलण्यातून उपचार करते. पहिल्या भेटीत लोक मला हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतात. ‘तुम्हाला चेहऱ्यावरून मनातलं कळत असेल ना?’ किंवा ‘नुसतं बोलून काय होणार?’ पहिला प्रश्न विचारणाऱ्याला मी जादूगार वाटते, दुसऱ्याला शेजारची मावशी. मला दुसरा बरा वाटतो, त्याच्याशी निदान वाद घालता येतो.

तो सगळ्यात कसून घातला रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय पन्नाशीचं. लोकलमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण संपलो असं वाटलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं. झटके मात्र येतच राहिले. लोकलने जाणं सुटलं, मग लिफ्टने जाणं. स्टाफ मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरून बसू लागले. हृदयरोगतज्ज्ञांनी पॅनिक अटॅक असं सांगून माझ्याकडे पाठवलं. सर आले ते सोबत आलेल्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, धोशा लावला म्हणून.

‘मॅडम, राग मानू नका, पण मी मानसशास्त्राला शास्त्र मानत नाही.’ असं म्हणून त्यांनी पिशवीतून पिवळ्या मार्करने रंगवलेला एक प्रिंटआउट काढला. 2015 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला तो लेख. मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्या 97 टक्के प्रयोगांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले होते, फेरप्रयोगांत जेमतेम 36 टक्के उतरले.

‘आणि मुलाची आम्ही डीएमआयटी चाचणी केली होती,’ बाई म्हणाल्या. ‘बोटांचे ठसे घेऊन रंगीत फाइल दिली. त्यात निघालं, याला गणित जमणार नाही. तो आज इंजिनिअर आहे.’

आता यावर काय बोलणार? ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही, पण ती फाइल विकणारा ‘मानसशास्त्रीय चाचणी’ असंच म्हणतो. त्याच्या बाजारामुळे आमची किंमत उतरते आणि आमच्यापैकी फारसं कोणी तोंड उघडत नाही, याचा मला राग आहे. लेखाचं म्हणाल तर तोही खरा. फक्त ती फेरतपासणी बाहेरच्या कोणी केली नाही, मानसशास्त्रज्ञांनीच आपलं घर तपासलं होतं. ते प्रयोग बोधात्मक (विचार, स्मरण वगैरेंच्या) आणि सामाजिक मानसशास्त्रातले होते. उपचारांचा कस पाहणाऱ्या त्या चाचण्या नव्हत्या. आणि 2012 मध्ये अॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे 53 गाजलेले शोध तपासले, तेव्हा त्यातले फक्त 6 खरे ठरले. म्हणून कर्करोगशास्त्र हे शास्त्र नाही, असं कोणी म्हटलं नाही. सर किंचित हसले. ही बातमी त्यांना ठाऊक होती.

‘ठीक आहे. पण बोलून बरं होतं, याचा पुरावा? कंट्रोल ग्रुप वगैरे?’

पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी घेतली. कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठी उचलावी तसं यदृच्छेने ठरवलं. एका गटाला, म्हणजे तुलनेसाठीच्या कंट्रोल ग्रुपला, केंद्रातले नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. दुसऱ्याला तेच, शिवाय समुपदेशनाच्या काही बैठका. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण या कामाचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलेली माणसं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातल्या 64 टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती, दुसऱ्या गटात 39 टक्क्यांची. 2017 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

‘हे नैराश्याचं झालं,’ सर म्हणाले. ‘माझं काय?’

तुमचं आपण इथेच तपासू, म्हटलं. मी कागदावर रकाने आखले: अंदाज, निरीक्षण, निष्कर्ष. नाक चिमटीत धरून एक मिनिट बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. याने पॅनिकमधल्यासारखाच गुदमरल्याचा भास होतो. (हृदय, दमा वगैरेंची तपासणी झालेली नसेल, तर हे घरी करून बघू नका.) सरांनी अंदाज लिहिला: ‘चक्कर येऊन पडेन, 80 टक्के.’ विसाव्या सेकंदाला कपाळावर घाम आला, बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, मी हातानेच थांबवलं. मिनिट संपलं. नाडी 112, बोटांना मुंग्या. सर खुर्चीतच होते.

‘पडलो नाही,’ त्यांनी जरा तक्रारीच्या सुरातच सांगितलं.

का पडला नाहीत, तेही सांगितलं. भोवळ येऊन पडायला सहसा रक्तदाब एकदम उतरावा लागतो. पॅनिकमध्ये शरीर पळायच्या तयारीत असतं, रक्तदाब वरच जातो. धडधड झाली की ‘हार्ट अटॅक’ हा अर्थ मन लावतं, त्या भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पुन्हा पुरावा ठरते. या चक्रातला अर्थ तपासायचा, एवढंच पुढच्या बैठकांत केलं. आधी क्लिनिकच्या इमारतीची लिफ्ट, मग दुपारची रिकामी लोकल, मग साडेआठची. काहींना याच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्याही लागतात. सरांना लागल्या नाहीत.

तुम्हालाही सरांसारखी शंका असेल, तर ती गिळून येऊ नका. समुपदेशकाला सरळ विचारा: शिक्षण काय, कुठली पद्धत वापरता, फरक पडतोय हे कशावरून कळणार, नाही पडला तर पुढे काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी असेल, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी विचारा. या प्रश्नांनी जो चिडेल, त्याच्याकडे जाऊ नका.

सर मानसशास्त्राला अजूनही शास्त्र म्हणत नाहीत. ‘तुमची पद्धत ठीक आहे,’ इथपर्यंत आले आहेत, मलाही तेवढं पुरतं. विमान बाकी आहे. डिसेंबरात मुलाकडे बंगळुरूला जायचंय, त्याचं पान त्यांनी वहीत आताच आखून ठेवलंय. अंदाजाच्या रकान्यात 40 टक्के लिहिले आहेत.