उजेडानं जंतू मरतात का?

प्रश्न : सर, आमची खानापुरात माडीवर अभ्यासिका आहे. खोली पंधरा बाय वीस, पोरं पंचवीस. पावसाळ्यात खिडक्या लावलेल्याच असतात. एकाला खोकला झाला की आठवड्यात सगळी खोकतात. एक विक्रेता भिंतीला मारायचं द्रावण आणि एक यंत्र देतोय. उजेड पडला की हवेतले जंतू आपोआप मरतात, म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : विक्रेत्याचं रसायनशास्त्र पक्कं आहे, हिशेब कच्चा.

द्रावणात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असणार. पांढऱ्या रंगाच्या डब्यात असते तीच पूड, फक्त फार बारीक. तिच्या अ‍ॅनाटेज या रूपावर साधारण ३८७ नॅनोमीटरहून आखूड लहरींचा, म्हणजे अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. तो आणि त्याची रिकामी जागा, दोन्ही मिळून ओलावा आणि ऑक्सिजन यांच्यापासून फार तापट कण बनवतात. ते जिवाणूचं आवरण काय, विषाणूचं कवच काय, पोखरून काढतात. पूड मात्र खर्च होत नाही. होंडा आणि फुजिशिमा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली या पदार्थावर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी जिवाणू मारून दाखवले.

बेळगावात टिळकवाडीला आमच्या पश्चिमेच्या दाराला पांढरा ऑइलपेंट होता. टेकलं की सदऱ्याला पीठ लागायचं. आई रंगाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. बिचारा! उन्हात तीच पूड रंगाचा चिकटा खात होती. आता रंगवाले पुडीच्या कणांवर सिलिका, अ‍ॅल्युमिनाचा थर चढवतात तो याचसाठी.

आता तुमची खोली. एलईडी ट्यूबमधून अतिनील जवळजवळ येतच नाही, म्हणजे भिंतीवरची पूड झोपलेलीच राहणार. दृश्य प्रकाशात चालणारे, नायट्रोजन मिसळलेले प्रकार आहेत, पण त्यांनाही जंतू येऊन चिकटावा लागतो. खोकणाऱ्याच्या तोंडातून शेजारच्याच्या नाकात जाणारा थेंब भिंतीकडे कशाला वळेल?

यंत्रात पंखा आणि अतिनील दिवा असतो, ते बरं. छत दहा फूट धरलं तर तुमची हवा ८५ घनमीटर. ताशी ४० घनमीटर ओढणारं यंत्र असेल तर तेवढी हवा एकदा ओढायलाच दोन तासांवर जातात. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ताशी निदान ५ वेळा स्वच्छ हवा सुचवते, म्हणजे ४२५ घनमीटर. शिवाय अगरबत्ती, व्हार्निश यांच्या वाफा यंत्रातल्या पुडीवर अर्धवटच मोडल्या तर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो. दिव्याची लहर किती आणि ताशी हवा किती, हे त्याच्याकडून लिहून घ्या. २५४ नॅनोमीटरचा दिवा उघडा असेल तर पोरांच्या डोळ्यांसमोर नकोच.

माझं ऐकाल तर त्या पैशात खिडकीवर दोन फूट पत्रा पुढं काढा, समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवा आणि खिडकी वीतभर उघडी ठेवा. कणकुंबीकडची पोरं भिजूनच येत असतील. रेनकोट जिन्यातच टांगायला सांगा.