नववीच्या मुलांना नायट्रोजन चक्राचा पर्यावरण संवर्धनाशी असलेला संबंध कसा समजावून द्यावा?

आपली मुलगी नववीत आहे, नायट्रोजन चक्राची आकृती तिला तोंडपाठ आहे, पण याचा पर्यावरण वाचवण्याशी काय संबंध, असे ती विचारते. तेव्हा नाशिकमध्ये राहून तिला प्रत्यक्ष काय दाखवता येईल, असा आपला प्रश्न आहे. मी नाशिकमध्येच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्या मते अडचण मुलांच्या आकलनात नसून आकृतीत आहे. तिच्यातील सगळे बाण सारख्याच जाडीचे असतात, त्यामुळे कोणत्या वाटेने किती नायट्रोजन जातो आणि किती वेगाने जातो, हे कळत नाही. संवर्धनाचा प्रश्न मात्र नेमका तिथे सुरू होतो, कारण माणसाने नायट्रोजन वाढवलेलाही नाही आणि संपवलेलाही नाही. त्याने काही वाटा रुंद केल्या आणि काही बुजवल्या.

सुरुवात मेथीपासून करावी. एका कुंडीत मेथी आणि दुसरीत कोथिंबीर पेरावी. माती शेतातली घ्यावी, कारण विकतच्या मिश्रणात आवश्यक ते रायझोबियम जिवाणू असतीलच असे नाही. युरिया मुळीच घालू नये. महिना-सव्वा महिन्याने रोपे मातीसकट काढून मुळे पाण्यात हलक्या हाताने धुतली, की मेथीच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात, कोथिंबिरीच्या मुळांवर दिसत नाहीत. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी छटा दिसली तर ती गाठ काम करत आहे असे समजावे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. या गाठींतील जिवाणू तो अमोनियाच्या रूपात आणतात आणि त्याच्या बदल्यात रोपाकडून साखर घेतात. आता तिसऱ्या कुंडीतील मेथीला थोडा युरिया घालून पाहावे. तिच्या मुळांवर गाठी बहुधा कमी येतात, कारण आयता नायट्रोजन मिळत असताना रोप जिवाणूंवर साखर खर्च करत नाही. माझ्या अनुभवात मुलांना सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच असते.

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो आणि तो कारखान्यात हवेतूनच घेतलेला असतो. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याच्या या हेबर-बॉश पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत सुरू झाला. आज खतांच्या वाटे जमिनीत येणारा नायट्रोजन जंगले आणि गवताळ प्रदेश मिळून नैसर्गिकरीत्या स्थिर करतात, म्हणजे हवेतून घेऊन वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणतात, त्याहून कमी नाही. म्हणून रासायनिक खत वाईट, असे मुलांना शिकवू नये. त्याशिवाय जगातील एवढ्या लोकांना अन्न मिळाले नसते. प्रश्न पिकाने न घेतलेल्या नायट्रोजनचा आहे. मातीतील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, त्याच्यावर ऋण प्रभार असल्याने मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत आणि पावसाच्या किंवा पाटाच्या पाण्याबरोबर ते विहिरीत, ओढ्यात, नदीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे.

यानंतर तिला गोदावरीवर न्यावे आणि शहराच्या खालच्या अंगाला पात्रात माजलेल्या पानवेली (जलपर्णी) दाखवाव्यात. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, पण तिला खाद्य लागते आणि ते सांडपाण्यातील व शेतातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसमधून मिळते. पाण्यावर तिचा थर साचला की खाली प्रकाश पोहोचत नाही, आणि ती कुजू लागली की पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन त्या कुजण्यात खर्च होऊन माशांना अपुरा पडतो. पानवेली काढून काठावरच टाकल्या तर पहिल्या पावसात त्यातील बराच नायट्रोजन पुन्हा पात्रात येतो. त्यांचे कंपोस्ट करून शेतात घातले तरच तो नदीबाहेर राहतो. सांडपाणी पूर्ण शुद्ध न करता केवळ पानवेली काढत राहणे म्हणजे उघडा नळ तसाच ठेवून फरशी पुसणे आहे, हे मुलांना न सांगता समजते.

त्याच नदीने पुढे निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ जागा, आहे. लोक तिथे हिवाळ्यात पक्षी पाहायला जातात, तेही पाहावेतच. पण चक्राच्या दृष्टीने महत्त्वाचा तिथला चिखल आहे. ऑक्सिजन नसलेल्या अशा गाळातील जिवाणू नायट्रेटचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. आकृतीत कोपऱ्यात काढलेला विनायट्रीकरणाचा बाण तो हाच. पाणथळ जागा भराव घालून बुजवली, की ही परतीची वाट अरुंद होते. (फॉस्फरसला अशी हवेत परतण्याची वाटच नाही, म्हणून तो गाळात साठत राहतो.)

परीक्षेत मात्र स्थिरीकरण, अमोनीकरण, नायट्रीकरण आणि विनायट्रीकरण ही चारही नावे पुस्तकातल्याप्रमाणेच लिहावीत. घरी मोठ्या कागदावर तीच आकृती पुन्हा काढून तिने स्वतःच्या अंदाजाने बाणांची जाडी ठरवावी आणि प्रत्येक बाणाजवळ मेथीची कुंडी, द्राक्षबाग, गटार, पानवेली, चिखल यांपैकी योग्य ते नाव लिहावे. जिथे ती अडेल, तिथून पुढचे शिकवायला सुरुवात करता येते.