वाचकांचे प्रश्न : भाजलेल्या कोंबडीच्या रसाची ग्रेव्ही

प्रश्न : थँक्सगिव्हिंगला आम्ही साडेपाच किलोची टर्की भाजतो, जेवायला दहा जण असतात. ग्रेव्हीत मैद्याच्या गुठळ्या होतात आणि गाळून घेतली तरी ती पिठूळ लागते. प्रमाण कुठे चुकतंय? (न्यू जर्सी)

उत्तर : प्रमाणाआधी क्रम बघा. बहुतेक तुम्ही मैदा थेट गरम रसात घालताय. कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पिठल्यात बेसनाचं होतं, तेच इथे. मैदा आधी चरबीत परतला की कण सुटे राहतात आणि कच्चट वासही जातो.

टर्की भाजून झाली की ट्रेमधला सगळा रस उभट भांड्यात ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. चरबी वर येते, तपकिरी रस खाली राहतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, कारण चरबीवर मैदा ठरतो आणि मैद्यावर पाणी. दर कपाला (२४० मिली) दीड मोठा चमचा चरबी आणि दीड मोठा चमचा मैदा. दहा जणांना चार कप ग्रेव्ही पुरते, म्हणजे दोन्ही सहा-सहा चमचे. चरबी कमी भरली तर लोणी घाला. जास्त असेल तर बाजूला ठेवा. सगळीच ओतलीत तर ग्रेव्हीवर तवंग येणार.

ट्रेला चिकटलेला तपकिरी थर टाकू नका, खरी चव तिथेच असते. कपभर गरम स्टॉक (मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी, कृती खाली आहे) ओतून पाच मिनिटं थांबा आणि लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. धातूचा ट्रे मंद आचेवर ठेवला तरी चालतो. काचेचा मात्र गॅसवर कधीही ठेवू नका, आणि तो गरम असताना त्यात गार पाणीही ओतू नका. तडकतो.

आता पातेल्यात चरबी आणि मैदा मंद आचेवर तीन मिनिटं परता. रंग बिस्किटासारखा आणि वास खमंग झाला पाहिजे. याहून गडद भाजलात तर चव वाढते, पण मैद्याची दाटपणा आणण्याची ताकद घटते. मग अर्धा-एक चमचा जास्त लागतो. मग अर्धा कप द्रव घालून व्हिस्कने गुळगुळीत लापशी करा आणि उरलेला रस व स्टॉक थोडा थोडा ओतत जा. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं मंद शिजवा. पिठूळपणा राहतो तो बहुधा ही मिनिटं वाचवल्यामुळे. चमच्याच्या पाठीवर थर बसला की गॅस बंद. निवताना ती आणखी दाटते, म्हणून चुलीवर थोडी पातळच ठेवा.

स्टॉकसाठी टर्कीच्या पोटातल्या पिशवीतली मान, पेठा (जठर) आणि हृदय सव्वा लिटर पाण्यात कांदा, सेलरी, तमालपत्र आणि मिरीदाणे घालून दीड तास मंद शिजवा. यकृत मात्र यात नको, उकळलं की कडवटपणा आणतं. टर्की कापण्याआधी अर्धा तास तशीच ठेवायची असते, त्या वेळात ग्रेव्ही होते. कापताना पाटावर सुटलेलं पाणीही त्यात जाऊ द्या.

प्रश्न : नाताळला कोंबडी भाजताना खाली पडलेला रस काळा पडतो आणि ग्रेव्ही कडू होते. साखर घालून बघितली, फरक पडला नाही. (वसई)

उत्तर : पडणारही नाही. गडद तपकिरी थर चालतो, काळा चालत नाही. त्यातली चरबीही कडवटच असते. ग्रेव्हीला हात लावण्याआधी थेंबभर रस चाखा आणि जळका लागला तर सगळा टाकून द्या. त्या दिवशी लोण्यात कांदा चांगला तांबूस परतून, त्यावर मैदा आणि स्टॉक घालून ग्रेव्ही करा.

पुढच्या वेळी ट्रे लहान घ्या. मोठ्या ट्रेमध्ये रस पातळ पसरतो आणि मांस शिजण्याआधीच आटून जळतो. कोंबडीखाली कांदा आणि गाजराचे जाड तुकडे ठेवा, आणि रस सुकायला लागला की अर्धा कप पाणी घाला. १९० अंश सेल्सियसला दीड किलोच्या कोंबडीला साधारण सव्वा तास लागतो. मांडीच्या जाड भागात ७४ अंश भरले की झाली.

प्रश्न : दुकानदार कोंबडी सोलूनच देतो. ओटीजीमध्ये दही-मसाला लावून भाजते, पण ग्रेव्हीपुरती चरबीच सुटत नाही. (पुणे)

उत्तर : कोंबडीची बरीचशी चरबी कातडीत आणि कातडीखाली असते. ‘कातडीसकट हवी’ असं आधीच सांगून ठेवा; बरेच दुकानदार देतात. सोललेलीच मिळाली तर लोणी लावून भाजा आणि रू (चरबीत परतलेल्या मैद्याचं मिश्रण) लोण्याचाच करा.

दही-मसाल्याच्या रसाची ही ग्रेव्ही होत नाही. दही फुटून दाणेदार होतं, हळद-तिखट ट्रेवर करपतं. तो रस कांदा-टोमॅटोच्या वाटणात घालून रस्सा करा, तिथे तो शोभतो. या ग्रेव्हीसाठी मीठ, मिरी, लोणी आणि हवं तर लसूण, एवढंच.

प्रश्न : मिठाच्या पाण्यात रात्रभर मुरवलेल्या कोंबडीची ग्रेव्ही खारट होते. (पणजी)

उत्तर : रस मुळातच खारट असतो, त्यात क्यूबचा स्टॉक म्हणजे दुप्पट मीठ. बिनमिठाचा स्टॉक वापरा, रस चाखत चाखत घाला आणि मीठ अगदी शेवटी ठरवा. आधीच खारट झाली असेल तर बिनमिठाचा स्टॉक वाढवा आणि दाटपणासाठी चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून उकळत्या ग्रेव्हीत सोडा. मिनिटभरात दाटते, त्यानंतर खूप उकळलीत तर पुन्हा सैल पडते.

प्रश्न : उरलेली ग्रेव्ही किती टिकते? (नाशिक)

उत्तर : दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये गेली तर दोन-तीन दिवस. थंडपणी ती जेलीसारखी घट्ट होते. दोन चमचे पाणी घालून, व्हिस्कने फेटत खळखळून उकळा.