काडीमोड, फारकत आणि घटस्फोट

कळव्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या आजी ‘काडीमोड’ म्हणतात, गावी पंचांसमोर सह्या झालेल्या कागदावर ‘फारकतनामा’ असे शीर्षक आहे, आणि ठाण्याचे वकील मात्र ‘घटस्फोट झालेलाच नाही’ असे सांगतात. तर हे तिन्ही शब्द समानार्थी नाहीत काय?

बोलण्यात ते समानार्थी आहेत, पण कायद्याच्या कागदावर नाहीत.

‘काडीमोड’ हा या तिघांत अस्सल घरचा शब्द. पंचांसमोर गवताची काडी मोडून संबंध संपल्याचे जाहीर करण्याच्या चालीवरून ‘काडी मोडून देणे’ हा वाक्प्रचार आला आणि त्याचेच पुढे नाम झाले. ‘फारकत’ फारसीच्या वाटेने आली. ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे पत्र, म्हणून फारखत म्हणजे मोकळे केल्याचा लेख. देणे फिटल्यावर किंवा भावाभावांची वाटणी झाल्यावरही असा लेख होत असे, आणि आजही ‘दोघा भावांची फारकत झाली’ असे आपण म्हणतोच. ‘खत’ विसरले गेल्यामुळे पुन्हा ‘नामा’ जोडला गेला. ‘फारकतनामा’ म्हणजे खरे तर पत्राचेच पत्र!

सर्वांत विलक्षण प्रवास ‘घटस्फोट’ या शब्दाचा आहे. धर्मशास्त्रात त्याचा लग्नाशी संबंध नव्हता. पतित माणसाला आप्तांनी मेला असे समजून त्याच्या नावाने उदकक्रिया करावी आणि दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा, असा विधी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. या बहिष्काराला घटस्फोट म्हणत. ज्या समाजांत काडीमोड रूढ होती त्यांच्याकडे शब्दही होता. ज्यांच्याकडे विवाह अविच्छेद्य मानला जाई, त्या पांढरपेशांना नवी गोष्ट सांगण्यासाठी संस्कृतातून शब्द शोधावा लागला आणि तो बहिष्काराच्या घरातून उचलला गेला, असे मला वाटते. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती सोय देशभर झाली. आज घटस्फोट म्हणजे न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेला विवाहविच्छेद, हा अर्थ पक्का आहे.

म्हणूनच वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीनुसार होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, हे खरे. पण आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे तिचा आधार घेणाऱ्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते. तशी रूढी नसेल, तर दोघांनी राजीखुशीने मुद्रांकावर सह्या करून त्यावर नोटरीचा शिक्का घेतला, तरी विवाह कायम राहतो. असा एक कागद मी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर पाहिला होता. त्यात शेवटी ‘उभयतांना पुनर्विवाहाची मोकळीक राहील’ असे ठसठशीत अक्षरांत टंकलेले होते. त्या वाक्यावर विसंबून दुसरे लग्न केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा होऊ शकतो.

गोंधळात भर म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० मधील उपायाला काही जण ‘न्यायिक फारकत’ म्हणतात. तिथे एकत्र राहण्याचे बंधन सुटते, पण विवाह टिकून असतो; म्हणून ‘न्यायिक विभक्तता’ हाच शब्द मला बरा वाटतो. कलम ११ आणि १२ खाली विवाह शून्य ठरतो किंवा रद्द होतो, तेव्हाही ‘घटस्फोट’ म्हणणे चूक आहे.

क्रियापदही पाहावे. ‘त्याने तिला घटस्फोट दिला’ ही रचना ‘सोडचिठ्ठी देणे’ याची उरलेली सावली आहे, कारण चिठ्ठी नवराच देत असे. हिंदू विवाह कायद्याखाली पतीही देत नाही आणि पत्नीही देत नाही, तो न्यायालय मंजूर करते. त्यामुळे लेखनात ‘घटस्फोट झाला’ किंवा ‘घटस्फोट मिळाला’ असेच असावे. वकिलामार्फत नोटीस आली म्हणजेही घटस्फोट झाला असे नव्हे.

वाचकांच्या प्रकरणात दोघेही राजी असल्याने कलम १३-ब चा, म्हणजे परस्परसंमतीचा, मार्ग मोकळा दिसतो. हे कलम १९७६ मध्ये आले. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा मागणी करायची असते. मात्र सहा महिन्यांची ही अट योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. फारकतनामा फाडून टाकू नये, वेगळे राहत असल्याचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडू शकतो. फक्त अर्जात ‘आमची फारकत झाली आहे’ असे न लिहिता ‘आम्ही अमुक तारखेपासून विभक्त राहत आहोत’ असे लिहावे, आणि ही तारीख वकिलांकडून एकदा पडताळून घ्यावी.