टँगो या जोडीनृत्यात जागच्या जागी वजन बदलणे आणि फक्त छाती वळवणे यांना काय म्हणतात?

पाऊल न टाकता शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याला टँगोच्या स्पॅनिश परिभाषेत ‘कांबिओ दे पेसो’ म्हणजे वजनबदल म्हणतात, तर कमरेखालचा भाग स्थिर ठेवून छाती वळवण्याला ‘दिसोसिआसिओन’ म्हणतात. नागपुरातील आमच्या सरावात हीच नावे वापरली जातात. मात्र सरावाची नोंद लिहिताना केवळ नाव पुरत नाही, कारण दुसरी हालचाल बघणाऱ्याला जेमतेम दिसते आणि जोडीदाराला ती पाठीवरच्या तळहातातून व छातीच्या रोखातून आधी कळते. नेमकी खूण हवी असल्यास कमरेजवळ पाहावे: छाती वळली आणि नितंब मागे राहिले, की सदऱ्याला तिथे तिरकी चुणी पडते. ‘ओचो’ या आठाच्या आकारातील पावलांमध्ये हाच क्रम असतो, म्हणजे आधी छाती वळते, मग टेकलेल्या पायाच्या चवड्यावर नितंब फिरून तिला गाठतात आणि त्यानंतरच मोकळा पाय पुढे किंवा मागे पडतो. (ओचो म्हणजे आठ, पण पावलांनी उमटणारा आकार इंग्रजी आठाचा, देवनागरी आठ डोळ्यांपुढे आणल्यास घोटाळा होईल.) एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ‘कादेन्सिया’ हा शब्द काही शिक्षक पुढे-मागे झुलण्यासाठी, तर काही एकूण लयीसाठी वापरतात, त्यामुळे तो लिहिल्यास भार कोणत्या पायावर होता हेही सोबत नोंदवावे.